अण्णांचा कान आणि एवढीशी चकती

उन्हाळा लागला की मला माणसांचा संशय यायला लागतो. तसा तो बाराही महिने येतोच, पण उन्हाळ्यात जरा जास्त, कारण उन्हाळा म्हणजे खरेदी. वर्षाचे गहू, मिरच्या, हळद, माठ, टरबुजं. आणि समोर बसलेला प्रत्येक विकणारा आपल्याला बनवायलाच घराबाहेर पडलाय, अशी आमच्या घरात पहिल्यापासून खात्री आहे.

परवा औरंगपुऱ्यात माठ घ्यायला गेले. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडलेले माठ, काळे, लाल, नळाचे, बिननळाचे, काहींवर पांढरी वेलबुट्टी. वेलबुट्टीच्या माठाचा मला आधी संशय येतो. एवढं नटवलंय म्हणजे काहीतरी झाकलंय. मी वाकून एकेका माठावर बोटाचं पेर वाजवत निघाले आणि माझी मुलगी चार पावलं मागं सरकून, या बाई आपल्या कुणी नव्हेत, असा चेहरा करून मोबाइल बघत उभी राहिली. विकणारी म्हातारी मात्र खूश झाली. म्हणाली, "वाजवा बाई, वाजवा. न वाजवता नेत्यात अन् मंग आठ दिसानं भांडाया येत्यात." बरेच माठ बद्द वाजले. मग एक खणखणला, आणि त्या भर उन्हात मला अण्णा आठवले. दर उन्हाळ्यात आठवतात, पण यंदा त्यांच्याबरोबर तो सगळा उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात आम्ही गाणी ऐकायचं एक खिशात मावणारं यंत्र शोधत गावभर हिंडलो होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. वर का गेले नाहीत याचंही त्यांच्याकडं उत्तर होतं, आणि त्या उत्तरात तीन-चार माणसांवर संशय होता. अण्णांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोळ्याला रंग मारून फसवता येतं, नाकाला अत्तर लावून फसवता येतं, जीभ तर साखरेला भुलते. कानाला नाय फसवता येत, असं ते म्हणत. म्हणून आमच्या घरी सगळं कानानं पारखून यायचं. नारळ कानाशी धरून हलवायचा. टरबुजाला थाप मारायची. गहू मुठीत घेऊन कानाजवळ खळखळवायचे, ओलसर असले तर आवाज दबतो. लाकडी पलंग घ्यायचा तरी अण्णा दुकानात त्याच्या पायावर किल्ली वाजवून बघत. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की निरोप यायचा, अण्णांना पाठवा. अण्णा टोपी घालून निघत. घरी अर्धा कप चहासुद्धा पारखून पिणारा हा माणूस, पण गल्लीत त्याच्या कानाला जो मान होता तो भल्याभल्यांच्या पदवीला नव्हता.

आणि हे सगळं मी शिकले. आवडीनं शिकले. सासरी परभणीला गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी आणलेला नारळ मी पहिल्याच आठवड्यात हलवून बाजूला ठेवला होता. पुढं काय झालं ते सांगत नाही.

तो उन्हाळा म्हणजे माझी आई जाऊन दुसरं वर्ष. मी परभणीला शाळेत शिकवत होते. पेपर तपासून झाले, निकाल लागले आणि मी माहेरी आले. घरात भाऊ, वहिनी आणि अण्णा. वहिनी दारातच कुजबुजली, "ताई, अण्णांचं लई वाढलंय बघा." काय वाढलंय ते मला दोन दिवसांत कळलं. संशय वाढला होता.

दूधवाला आता सायकलची घंटी वाजवत नाही, मुद्दाम गुपचूप येतो, म्हणजे दुधात पाणी आहे. नवीन कुकर आणलाय त्याची शिट्टी खोटी आहे, वहिनीला दुकानदारानं दुसऱ्याच कुकरची लावून दिली. दारावरची बेल बिघडलीय आणि भाऊ दुरुस्त करत नाही, कारण अण्णांचे मित्र येऊन बसलेले त्याला चालत नाहीत. चिमण्यासुद्धा अंगणात येतात पण पहिल्यासारख्या बोलत नाहीत. शेजाऱ्यांनी काहीतरी औषध मारलं असणार. वहिनी हे सांगताना कपाळाला हात लावत होती. मी मात्र अण्णांच्याच बाजूनं होते. दूधवाल्याचा मलाही संशय होता. कुकर तर बघताच क्षणी मला आवडला नाही. आमच्यात हे असंच आहे. एकानं बोट दाखवलं की दुसरा काठी घेऊन धावतो.

पण त्या सगळ्या संशयांच्या मुळाशी एक कॅसेट होती, हे मला जरा उशिरा समजलं.

आईचा आवाज गोड होता, आणि तो कुणी ऐकलेला तिला खपत नसे. कामाच्या नादात ओव्या म्हणायची, कुणी आलं की गप्प. अण्णांनी एका उन्हाळ्यात, मी शाळकरी असताना मामाकडं गेले होते तेव्हा, मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आई पापड लाटत बसली असताना दाराआड लपून तिच्या ओव्या भरून घेतल्या. तिला कळलं तेव्हा ती चिडली. लोकांना ऐकवाल तर माझं नाव टाका, म्हणाली. अण्णांनी कॅसेट ट्रंकेत ठेवली आणि शब्द पाळला. मीही ती कधी ऐकली नाही. आई गेल्यावर त्यांनी ती बाहेर काढली. दुपारी घर झोपलं की लहान आवाजात लावायचे. मी माहेरी असले आणि ती लागली की उठून अंगणात जायचे. मला ऐकवत नसे. फोटो बघवतो, साडीची घडी उलगडवते, पण आवाज म्हणजे माणूस आत येऊन उभं राहतं. ते मला नको होतं.

अण्णा त्या कॅसेटबद्दल एकच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, "ओव्या तर आहेतच गं. पण मागं तिच्या बांगड्या वाजत्यात. लाटणं फिरलं की वाजत्यात, पापड वळवला की वाजत्यात. आवाज काय, कुणाचापण असतोय. बांगड्या तिच्या होत्या." हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हात भरून. तशाच घेऊन गेली ती.

आणि आता त्या बांगड्या कॅसेटवरून नाहीशा झाल्या होत्या. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं फीत घासली गेली होती. हे खरंही वाटण्यासारखं होतं; कॅसेटला कडेनं बुरशी धरली होती. शिवाय भाऊ एकदा म्हणाला होता की कॅसेटीचा जमाना गेला, आता सगळं चकतीवर मिळतं. म्हणून अण्णा ती कॅसेट छातीशी धरून टिळक पथावर एका दुकानात गेले होते, जिथं जुन्या कॅसेटींची गाणी काढून चकतीवर भरून मिळत. तिथल्या चष्मेवाल्या गृहस्थानं त्यांना एवढीशी चकती दिली. तळहातात मावेल अशी, आपल्या नेहमीच्या सीडीपेक्षा पुष्कळ लहान. म्हणाला, काका, हिच्यात तुमच्या ओव्या भरल्यात आणि वर पाहिजे तर सगळ्या गावाची भजनं मावतील.

इथंच अण्णांचा संशय जागा झाला. एवढ्याशा चकतीत एवढं सगळं मावतं कसं? त्या गृहस्थानं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तेच त्याला नडलं. म्हणाला, "गाणं दाबून बसवतात काका. दूध आटवतात तसं."

"दूध आटवलं की खवा होतोय," अण्णा म्हणाले. "दूध ऱ्हात नाय. काढता काय तुम्ही त्याच्यातलं?"

"माणसाला जे ऐकूच येत नाही, तेवढंच काढून टाकतं ते."

"मला काय ऐकू येत नाय, हे ठरवणारा तो कोण?"

हा संवाद अण्णांनी मला आल्या दिवशी तीनदा सांगितला. प्रत्येक वेळी शेवटच्या वाक्याला मांडीवर थाप मारून. मीही मान डोलावली. काय चुकीचं होतं त्यात? आज माझ्या मुलीच्या कानात सदानकदा त्या पांढऱ्या बोंडल्या असतात, जगातलं सगळं गाणं तिच्या मोबाइलमधे फुकट येतं, आणि मला अजून तोच प्रश्न पडतो. फुकट देतात म्हणजे काहीतरी काढून घेत असणार. ती म्हणते, आई, तू फार जुनाट आहेस. असेन. पण काढून घेतात की नाही ते सांग म्हटलं तर त्या बोंडल्या आणखी आत सारते.

त्या गृहस्थाच्या दुकानात अण्णांनी चकती लावून ऐकली. बांगड्या नव्हत्या. त्यावर तो म्हणाला, माझं यंत्र साधंय काका, चांगल्या प्लेअरवर ऐकून बघा, आलं तर येईल. म्हणजे आता ती लहान चकती वाजवणारं, दाबून बसवलेलं गाणं उलगडणारं, चांगलं यंत्र शोधायचं. आणि ते खिशातलं हवं होतं. "घरात मोठ्यानं लावून कसं चालंल?" अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "सून काय म्हणंल. म्हातारा दिवसभर मेलेल्या बायकोचा आवाज ऐकत बसतोय म्हणंल. खिशात असलं म्हणजे फिरायला गेलं तरी बरोबर." मग मी सरळ पदर खोचला. दुकानदारांशी भांडायला दोघं असलेले बरे.

दुपारी ऊन उतरणीला लागलं की आम्ही निघायचो. अण्णांच्या खिशात रुमालात गुंडाळलेली चकती, माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि अंगात भरपूर अविश्वास. पैठण गेटच्या गल्लीत पहिल्या दुकानदारानं काचेच्या कपाटातून चपटं, गोल, चंदेरी यंत्र काढलं आणि "इम्पोर्टेड आहे" म्हणाला. इम्पोर्टेड म्हटल्याबरोबर अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. यंत्र त्यांनी उलटं करून पाठीवर टिचकी मारली. झाकण उघडलं, मिटलं, कानाजवळ नेऊन परत मिटलं. "झाकणाचा आवाज पोकळ येतोय," म्हणाले. चकती घातली, इअरफोन कानात घातले. मी श्वास धरून बघत राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते. थोडं हसले सुद्धा. मग चेहरा हळूहळू उतरला. इअरफोन काढून काउंटरवर ठेवले. "नाय," म्हणाले. "ह्यानंबी कापल्या."

दुकानदारानं विचारलं, "काय कापलं?" मी म्हटलं, "ते तुम्हाला माहीत!" आणि आम्ही ताठ मानेनं बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानातलं यंत्र लहान चकती वाजवेना. दुकानदार म्हणे साधी गाणी वाजवतं, दाबलेली नाही. मग डब्यावर सगळं वाजवतं असं लिहिलं कशाला? मी ते अक्षर अन् अक्षर त्याला वाचून दाखवलं, शाळेत वाचून दाखवते तसं, आणि तो शेवटी म्हणाला, मॅडम, तुम्हाला नमस्कार. तिसऱ्यात वेगळीच गंमत. दुकानदार सांगत होता, चालता चालता ऐका, गाणं उडायचं नाही. अण्णांनी यंत्र सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि दुकानात येरझाऱ्या घालायला लागले. मग जोरात. मग मधेच थांबून त्यांनी एक बैठक मारली. गिऱ्हाइकं थबकून बघायला लागली. "उडालं!" अण्णा विजयी आवाजात म्हणाले. "काका, बैठका मारत कोण ऐकतं?" दुकानदार रडकुंडीला आला. मी म्हटलं, "आमचे वडील ऐकतात. तुमचं काय जातं?" आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र एकदाही हसले नाही. मला खरंच वाटत होतं की या सगळ्या गल्लीनं मिळून माझ्या आईच्या बांगड्या गायब केल्यात.

दुकानाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभं राहून आम्ही पुढचं दुकान ठरवायचो. अण्णा रस घ्यायचे आणि म्हणायचे, याच्या घुंगरांना काय झालंय, पूर्वी चरकाची घुंगरं अख्ख्या रस्त्याला ऐकू जायची. घुंगरं माझ्या कानाशीच वाजत होती. मी त्यांच्याकडं बघितलं. पण लक्ष पुढच्या दुकानाकडं होतं, आणि अण्णांचा कान चुकू शकतो ही गोष्ट आमच्या डोक्यात येण्यासारखीच नव्हती. आम्ही दूधवाल्यावर संशय घेतला, कुकरवर घेतला, चष्मेवाल्यावर, गल्लीवर, चकती बनवणाऱ्या परदेशावर घेतला. एकच जागा सोडली.

शेवटी हमीदभाई मधे पडले. हमीदभाई म्हणजे अण्णांचे ऑफिसातले जुने सोबती, राहायला छावणीत. ज्या टेपरेकॉर्डरवर आईच्या ओव्या भरल्या तो त्यांचाच होता. त्यांच्या साडूचं छावणीच्या बाजारात दुकान होतं, घड्याळं, रेडिओ, कॅमेरे असलं सगळं. म्हणाले, उद्या चला, मी येतो बरोबर.

"तुला ह्यात काय सुटणार हमीद?" अण्णांनी विचारलं. तीस-पस्तीस वर्षांची दोस्ती, आणि हा प्रश्न.

"सवाब मिलेगा, वो तेरा पुण्य," हमीदभाई म्हणाले. "तेरा शक तो तेरे जनाजे के साथ जाएगा जाधव. चल."

छावणीत तेव्हाही शहरापेक्षा जरा सावली जास्त होती. मोठी झाडं, खाली पाचोळा, बाजारातल्या दुकानांना पुढं पत्र्याची पडवी. साडूंचं दुकान अरुंद पण थंड. त्यांनी आम्हाला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि काही न बोलता एक यंत्र पुढं ठेवलं. काळं, काडेपेटीच्या मोठ्या पुड्याएवढं, लहान चकतीपुरतंच केलेलं. इम्पोर्टेड म्हणाले नाहीत, स्वस्त म्हणाले नाहीत, घ्याच असंही म्हणाले नाहीत. "सुनो काका. आराम से सुनो," एवढंच. असा माणूस मला तर फारच संशयास्पद वाटला.

अण्णांनी झाकण मिटून पाहिलं. चांगलं मिटलं. खिशात घालून पाहिलं, मावलं. दुकानाच्या पडवीत फेरी मारून आले, उडालं नाही. मग बाकावर बसून त्यांनी डोळे मिटले आणि ऐकलं. खूप वेळ ऐकलं. एकदा मागं घेऊन पुन्हा ऐकलं. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडं बघेनात.

"ह्याच्यातबी नाय," ते म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं. तेच मला भलतं वाटलं.

मग हमीदभाई खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ बसले. "जाधव," ते हळू म्हणाले, "एक बार बेटी को सुना."

"तिला काय कळतंय."

"सुना तो सही."

मी म्हटलं, "मला नको." खरंच नको होतं. एवढी दुकानं फिरले, एवढी भांडले, पण इअरफोन कधी अण्णांच्या कानातून माझ्या हातात घेतले नव्हते. ते आईचं होतं आणि अण्णांचं होतं. मी फक्त राखणदार. पण अण्णांनीच ते माझ्यापुढं धरले. न घेणं बरं दिसलं नसतं. मी ते कानात घातले आणि त्यांनी बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग लाटण्याचा लाकडी आवाज. आणि मग कुठंतरी अगदी जवळ काच किणकिणली. मी पटकन उजव्या हातानं माझं डावं मनगट धरलं. मला वाटलं माझ्याच बांगड्या वाजल्या. आईचं ऐकताना माझ्या बांगड्या मधे नकोत म्हणून मी त्या घट्ट धरून ठेवल्या. काच परत किणकिणली. मी मनगट आणखी आवळलं. परत किणकिणली. तेव्हा कळलं की त्या माझ्या नाहीत. आणि त्याच क्षणी तिनं ओवी उचलली. आवाज इतका तरणा होता. मला माहीत असलेल्या आईपेक्षा पुष्कळ तरुण बाई माझ्या कानात बसून पापड लाटत होती.

मी वर बघितलं. अण्णा माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते माझ्या मनगटाकडं बघत होते.

आयुष्यभर ज्या माणसानं डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, त्याला ते आवळलेलं मनगट बघून आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं. मी इअरफोन काढल्यावर विचारलं, "वाजल्या?"

"हो अण्णा."

"माझ्या समाधानासाठी म्हणत नाहीस ना?"

"नाही हो."

"मग सांग," ते म्हणाले. "कुठं कुठं वाजल्या सांग." शेवटचा संशय. मला वाटतं त्यांना मनापासून वाटत होतं की मी खोटं बोलत असावं. मी खोटी ठरले असते तर किती बरं झालं असतं त्यांना. पण मी ही कॅसेट आयुष्यात ऐकली नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी सांगितलं. म्हटलं, लाटणं पुढं गेलं की दोन वाजतात, मागं आलं की एक. पापड वळवला की सगळ्या. मधे एकदा दाराआड तुम्ही खोकलात. तिनं ओवी तोडली, हसली, आणि बहुतेक पदर तोंडाला लावला, कारण तेव्हा दोन्ही हातांच्या एकदम वाजल्या.

अण्णा ऐकत होते. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा बघितला नव्हता. ज्याला शंका घ्यायला कुठंच जागा उरलेली नाही, अशा माणसाचा चेहरा. दूधवाला सुटला, कुकर सुटला, चिमण्या सुटल्या. मला वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की पुन्हा कुणावर तरी संशय घ्यावा आणि मोठ्यानं भांडावं असं झालं. पण भांडायला समोर कुणीच नव्हतं.

हमीदभाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होता है जाधव. उमर है," म्हणाले. अण्णांनी तो हात झटकला नाही. मग साडूंकडं वळून त्यांनी ते यंत्र दोन्ही हातांनी पुढं सरकवलं.

"बांधा," ते म्हणाले. "ह्याच्यात काय खोट नाय."

परत येताना रिक्षा लगेच मिळाली नाही. पडवीच्या टोकाला एका झाडाखाली सिमेंटचा कट्टा होता, तिथं बसलो. रस्ता उन्हात झगझगत होता. हमीदभाई रिक्षा बघायला पुढं गेले. अण्णांनी खोकं उघडलं, यंत्र काढलं, चकती घातली. एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला आणि दुसरा माझ्याकडं दिला. मग आपला हात, पालथा, माझ्या मांडीवर ठेवला.

"मला ओवी ऐकू येती," ते म्हणाले. "ती चांगली येती. तू फक्त एवढं कर नंदे, बांगडी वाजली की माझा हात दाब."

मी दाबत गेले. लाटणं पुढं, लाटणं मागं. पापड वळला की जरा जोरात. अण्णा समोर बघत होते आणि त्यांची मान त्या ठेक्यात हलायला लागली होती. माझे डोळे भरून आले, रस्ता दिसेना, एका हातानं नाक पुसू की दुसऱ्या हातानं दाबू असं झालं, आणि त्या गडबडीत आईनं पापड वळवला.

"एक राहिली," अण्णा म्हणाले.

खरंच राहिली होती.